वेताळ टेकडीवर सापडलेला गुलाबी, काळ्या ठिपक्यांचा दगड ग्रॅनाइट आहे का? प्रॅक्टिकलच्या वहीत वर्णन काय लिहू?

तुम्ही सांगता त्यावरून दगड ग्रॅनाइटच वाटतो, पण तो टेकडीचा नाही. बांधकामाच्या राडारोड्यातून आलेला असणार. पुण्याच्या सगळ्या टेकड्या सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या, म्हणजे बेसाल्टच्या. लाव्हा पृष्ठभागावर भराभर थिजतो, त्यामुळे त्याचे कण बारीक राहतात. ग्रॅनाइटचा शिलारस खोलवर अतिशय सावकाश थंड होतो, म्हणून त्याचे स्फटिक नुसत्या डोळ्यांना दिसतात. वर्णनासाठी ताजा फुटलेला भाग उन्हात धरा आणि भिंगातून बघा:

- क्वार्ट्झ: करडा, काचेसारखा, वेडावाकडा फुटलेला
- अल्कली फेल्डस्पार: गुलाबी, दगड फिरवला की सपाट पृष्ठ चमकतात
- प्लेजिओक्लेज: पांढरट, कधी बारीक समांतर रेघा
- बायोटाइट: काळा, टाचणीने पापुद्रे निघतात. पापुद्रे निघाले नाहीत तर हॉर्नब्लेंड असू शकतं

पोत ‘भरडकणी’ लिहा, आणि प्रत्येक खनिजाचं अंदाजे प्रमाण द्या. क्वार्ट्झ, अल्कली फेल्डस्पार आणि प्लेजिओक्लेजचं तर नक्कीच, कारण नाव त्यांवरच ठरतं. पट्टे दिसले तर मात्र तो नाइस (gneiss, पट्टेदार रूपांतरित खडक), ग्रॅनाइट नव्हे.

भूशास्त्रीय परिस्थिती लिहिताना जपून. नमुना जागचा नाही, तेव्हा ‘मूळ स्थान अज्ञात’ हेच प्रामाणिक उत्तर. महाराष्ट्रात ग्रॅनाइट नांदेडकडे देगलूर भागात आणि पूर्व विदर्भात उघडा दिसतो. कोयनेला तर बेसाल्टखाली 900 मीटरहून खोल गेल्यावर ग्रॅनाइटी पायाखडक लागला.