प्रदूषण करणाऱ्या मालावर निर्यात शुल्क लावलं तर प्रदूषण आणि भांडणं खरंच कमी होतात का? देशाचं भलं होतं का?

शुल्क कुठे लावलंय, कधी लावलंय आणि पैसा कुणाच्या खात्यात जातोय यावर आहे सगळं. तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की पुस्तकात सरळ गणित दिलंय, शुल्क लावा, निर्यात घटेल, प्रदूषण घटेल, वर सरकारला पैसे मिळतील, मग सगळीकडे हे का करत नाहीत. आमच्याकडे केलं होतं. मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यातली, २००६ ते २०१२ एका ट्रान्सपोर्टरकडे हिशोबाला होते, लोहखनिजाच्या ट्रकांच्या ट्रिपा लिहायच्या, डिझेल वजा करायचं, पंधरवड्याला ट्रकवाल्यांची बिलं काढायची. त्यामुळे हे शुल्क मी रजिस्टरमध्ये बघितलंय.

२००७ च्या बजेटमध्ये लोहखनिजावर टनाला ३०० रुपये निर्यात शुल्क आलं. त्या दिवशी ऑफिसात कोणी जेवलं नसेल. पात्रांव (मालकाला आमच्याकडे पात्रांव म्हणतात) फोनवर फोन करत बसलेले, सगळ्यांचं म्हणणं एकच की गोव्याचा माल हलक्या ग्रेडचा, त्याला टनाला ३०० झेपणार नाहीत, धंदा बसला. मग ओरड झाली आणि दोन-तीन महिन्यांत ६२ टक्क्यांपर्यंत लोह असलेल्या फाइन्सला (म्हणजे बारीक, भुकटीसारख्या मालाला) ते ५० रुपये झालं. २००८ मध्ये ते किमतीच्या टक्क्यांत गेलं, वर्षाअखेर मंदी आली तेव्हा फाइन्सवरचं काढूनच टाकलं, २००९ च्या डिसेंबरात परत ५ टक्के, २०११ च्या बजेटला २० टक्के आणि त्याच वर्षी ३० डिसेंबरला ३० टक्के.

एवढं वरखाली होत असताना माझ्या रजिस्टरात ट्रिपा कमी झाल्या का, तर नाही, वाढतच गेल्या. शतकाच्या सुरुवातीला गोव्यातून वर्षाला दोन कोटी टनांच्या आसपास माल जायचा, २०१०-११ ला तो पाच कोटींच्या वर गेला (त्यात थोडा कर्नाटकातला पण होता). कारण चीन. आधी आमचं मुख्य गिऱ्हाईक जपान, ते ग्रेड बघून घ्यायचे. चीनला ऑलिंपिकच्या आधीपासून हलक्यात हलका माल पण चालायला लागला, आणि २०११ च्या सुरुवातीला चांगल्या ग्रेडचा भाव टनाला १८० डॉलरच्या वर गेला, त्या भावात ५ टक्के गेले काय आणि २० टक्के गेले काय, कोण थांबणार? रेल्वे पण निर्यातीच्या खनिजाला जास्त भाडं लावायची, तोही एक प्रकारचा करच, पण आमचा माल ट्रकने जेटीवर आणि तिथून बार्जमधून (माल वाहणाऱ्या सपाट बोटींतून) मांडवी-जुवारी नद्यांतून मुरगाव बंदरात, त्याला रेल्वेचं काय घेणंदेणं.

आता डंपचं सांगते, कारण माझं दुखणं तिथलंच आहे. एक टन माल काढायला अडीच-तीन टन माती बाजूला काढून टाकावी लागते, त्या मातीचे डोंगर म्हणजे डंप. आमच्या गावाच्या वरच्या अंगाला असा एक डंप होता, जपानच्या काळातला. त्या काळी जो माल हलका म्हणून कोणी घेत नव्हतं तो पण त्यातच टाकलेला. वीस-पंचवीस वर्षांत त्यावर काजू आणि ऑस्ट्रेलियन बाभळी वाढून तो बसला होता, पावसात हलत नव्हता. चीनचा भाव आल्यावर तो डंपच सोन्याचा झाला. हलक्या ग्रेडवर शुल्क कमी आणि चांगल्या ग्रेडवर जास्त, याचा आमच्या गावात अर्थ असा निघाला की नवीन खड्डा खणण्यापेक्षा जुना डंप उकरा. दिल्लीतल्या माणसाने हे शुल्क ठरवताना गोव्याच्या मालावर दया केली असेल, पण बाभळी तोडून डंप मोकळा केला की पहिल्याच पावसात तो खाली येतो हे त्याला कोण सांगणार.

२००९ च्या पावसात तो आला. बाबांचं शेत खालीच, ओढ्याला लागून, पावसाळ्यात भात आणि नंतर वायंगण (पावसाळ्यानंतरचं भात), दोन पिकं. सकाळी बाबा बांधावर उभे आणि समोर नुसता लाल चिखल, रोपं कुठे दिसतच नव्हती. मी छत्री घेऊन मागून गेले होते, त्यांनी वळून पण बघितलं नाही. तो गाळ सुकला की सिमेंटसारखा कडक होतो, नांगर लागत नाही. खाणवाल्यांकडून वर्षाला नुकसानभरपाई मिळायची, चौरस मीटरवर, ती घेऊन बरेच शेतकरी गप्प बसले. बाबांनी पहिली दोन वर्षं घेतली नाही.

आणि त्याच डंपवर माझा मोठा भाऊ, दादा, ट्रक लावायला निघाला. २०१० मध्ये, कर्ज पंधरा लाखांच्या आसपास. बाबा म्हणाले माझ्या शेतावर जो डंप आला तो वाहून नेण्यासाठी मी सही करणार नाही, म्हणून जामीन मी राहिले. मला वाटलं माल जातोय तोवर हप्ते जातील, रोज बिलं तर मीच काढत होते. दादाचं म्हणणं होतं की डंप तो नाही तर दुसरा कोणीतरी वाहणारच आहे, मग पैसा आपल्या घरात का येऊ नये. एका घरात दोन चुली नव्हत्या, पण दोन वर्षं बाबा आणि दादा एका वेळी जेवायला बसले नाहीत, वहिनी दोनदा पानं वाढायची. तुम्ही भांडणं विचारलंत म्हणून सांगतेय. अख्ख्या डिचोली, सत्तरी, सांगे, केपेमध्ये असंच होतं, शिरगावच्या विहिरी आटल्या, पिसुर्ल्याची शेतं गेली, कावऱ्याला लोक रस्त्यावर आले, आणि प्रत्येक गावात शेतकरी आणि ट्रकवाला हे एकमेकांचे सख्खे किंवा चुलत. खाणमालक त्या भांडणात कधी दिसलाच नाही.

आता पैसा कुठे गेला ते बघा. निर्यात शुल्क हे कस्टम्सचं, ते केंद्राच्या तिजोरीत जातं, तिथून राज्यांना वाटा येतो तो सूत्राने सगळ्यांना, त्यात शिरगावच्या विहिरीचा रकाना नाही. राज्याला मिळते ती रॉयल्टी, म्हणजे खनिज काढण्याबद्दल खाणवाल्याने भरायची रक्कम. २००९ च्या ऑगस्टपर्यंत ती टनामागे ठरलेली होती, सगळ्यात चांगल्या ग्रेडला पण टनाला तीस रुपयांच्या आत. म्हणजे चीनचा भाव तिप्पट झाला तरी राज्याला तेवढेच. मग ती किमतीच्या १० टक्के झाली आणि राज्याची मिळकत एकदम कित्येक पटींनी वाढली, तेव्हा कळलं आधीची वर्षं किती सोडून दिलं ते. आणि गावासाठी राखीव निधी, जिल्हा खनिज प्रतिष्ठान, तो कायद्यात आला २०१५ मध्ये, जेव्हा आमच्याकडचा मोठा हंगाम संपून तीन वर्षं झाली होती.

संपला कसा ते सगळ्यांना माहीत आहे. बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा अहवाल सप्टेंबर २०१२ मध्ये संसदेत आला, ३४,९३५ कोटींच्या नुकसानीचा आकडा त्यातलाच, तीन दिवसांत राज्याने खाणी थांबवल्या आणि ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टाने. एप्रिल २०१४ च्या निकालात कोर्टाने सांगितलं की सगळी लीज (खाणींचे भाडेपट्टे) २००७ मध्येच संपली होती, आणि पुढे वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घातली, विक्रीतले १० टक्के कायमस्वरूपी निधीत टाकायला सांगितले. नंतर नूतनीकरण केलेली ८८ लीज फेब्रुवारी २०१८ मध्ये परत रद्द. १९ मार्च २०१८ ला खाण अवलंबितांनी (खाणींवर पोट असलेल्या लोकांनी) पणजीत मांडवीचा पूल अडवला, लाठीमार झाला, दादा त्यात होता, खांदा सुजवून घरी आला. बाबांनी त्याच्या खांद्याला तेल लावलं, तेव्हा दोघं पहिल्यांदा नीट बोलले.

दादाचा ट्रक २०१२ पासून अंगणात उभा राहिला, टायर गेले, मग भंगारात. नोटिसा मला पण आल्या, जामीन होते ना. सरकारच्या कर्ज-सवलत योजनेने थोडं सुटलं, बाकी मी माझ्या पगारातून आणि मंगळसूत्र ठेवून फेडलं. म्हणून मला या विषयावर 'अभ्यासकांचं असं मत आहे' अशी उत्तरं वाचवत नाहीत.

दादाचं आजही म्हणणं आहे की शुल्क काय आणि बंदी काय, दोन्ही गरिबाच्या पोटावर पाय, पर्यावरणवाले आणि सरकार यांनी मिळून आम्हाला मारलं. मी त्याला दहा वर्षं सांगतेय की दादा, बंदी आली ती कर जास्त होता म्हणून नाही, कर चुकीच्या जागी होता म्हणून. बंदरावर कर लावला तर बोटीतला टन मोजला जातो, डंपवरून खाली येणारा गाळ मोजला जात नाही. ताडपत्री न घालता जाणारा ट्रक आणि ताडपत्री घातलेला ट्रक, दोघांना शुल्क सारखंच. ज्याने गाळ अडवायला बंधारा बांधला त्याला पण तेवढंच आणि ज्याने नाही बांधला त्यालाही. मग बांधेल कोण? २००४-०५ मध्ये खड्ड्याच्या तोंडाशी टनामागे चांगला दणदणीत कर लावला असता, तो पैसा गावाच्या नावाने ठेवला असता आणि दोन कोटींची मर्यादा कोर्टाऐवजी सरकारने घातली असती, तर ट्रक कमी असते, तुझा कदाचित नसताच, पण जे असते ते आजपर्यंत चालले असते. यावर तो म्हणतो तू ऑफिसात बसून बिलं काढायचीस, तेव्हा का नाही बोललीस. हे मात्र त्याचं खरं आहे, मी तेव्हा काही बोलले नाही.

देशाचं भलं या भागाबद्दल थोडक्यात. निर्यातीवर शुल्क लावलं की माल देशात स्वस्त राहतो आणि पोलाद कारखान्यांचा फायदा होतो, म्हणून कारखानदार कायम ते मागतात. कर्नाटकात त्याला अर्थ होता, तिथे चांगल्या ग्रेडचा माल आणि जवळ कारखाने, बेल्लारीतून निर्यात २०२२ पर्यंत बंदच होती आणि माल देशात खपला. गोव्याचा ५८ टक्क्यांखालचा माल देशात घेणारे जवळजवळ नव्हतेच. मग २०१६ मध्ये ५८ च्या खालचं शुल्क शून्य केलं, मे २०२२ मध्ये सगळ्यालाच ५० टक्के, नोव्हेंबरात ५८ च्या खालच्याला परत शून्य. सहा महिन्यांत शून्य, पन्नास, शून्य! ते महागाई रोखायला होतं, प्रदूषणाशी त्याचा काही संबंध नव्हता, पण अशा धोरणावर कोण गाळाचे बंधारे बांधायला पैसे घालेल, जो तो मिळेल तेव्हा ओरबाडणार.

तुम्हाला उत्तरात लिहायला उपयोगी होईल अशी एक गोष्ट. २५ जुलै २०२४ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने सांगितलं की रॉयल्टी हा कर नाही आणि खनिजाच्या हक्कांवर राज्यं वेगळा कर लावू शकतात. म्हणजे खड्ड्याजवळ कर लावायचा रस्ता आता राज्याला मोकळा आहे. दुसरीकडे जिल्हा खनिज निधीत जुन्या लीजवाल्यांना रॉयल्टीच्या ३० टक्के भरावे लागायचे, लिलावातून घेतलेल्यांना १० टक्केच. लिलावात बोलीची मोठी रक्कम राज्याला मिळते हे बरोबर, पण ती राज्याला, गावाच्या निधीत तिसरा हिस्साच उरतो. मला हे पटत नाही.

आता हे पण सांगायला पाहिजे की मी बीकॉम आहे, अर्थशास्त्राची तज्ज्ञ नाही. ३० टक्के शुल्काने निर्यात खरंच घटली असती का हे आमच्याकडच्या अनुभवावरून सांगता येणार नाही, कारण ते लागल्यावर आठ-नऊ महिन्यांतच बंदी आली आणि मधल्या काळात भावही पडत होते. आणि कांद्याचं, साखरेचं गणित पूर्ण वेगळं, तिथे माझं उत्तर लावू नका. बंद काळात विहिरींना पाणी वाढलं असं आमच्याकडे लोक म्हणतात, ते पावसामुळे की खड्ड्यातला उपसा थांबल्यामुळे हे मोजणाऱ्याने सांगावं. बाबांच्या शेताचा तुकडा आम्ही तीन वर्षं गाळ काढून परत लावणीला आणला, वायंगण अजून होत नाही.

२०२२ च्या डिसेंबरात नवीन लिलाव झाले, २०२४ पासून डिचोलीत खाण परत सुरू झाली. दादा आता पन्नाशीचा, सेकंडहँड टिप्पर बघून आलाय. परवा रात्री फोनवर दीड तास हेच चाललं होतं आमचं, म्हणून तुमचा प्रश्न दिसला तसा लिहायला बसले. त्याला मी एवढंच विचारलं की वर्षाला किती टनांची परवानगी आहे, तुला महिन्याला किती ट्रिपा मिळतील हे कुणाकडून तरी लेखी आण, आणि डंपला बंधारा आहे का ते स्वतः चढून बघून ये, मग बोलू. तो म्हणाला बघून येतो. जामिनाचा विषय त्याने काढला नाही, मीही काढला नाही.