ख्रिस्ती डूला बाळंतपणात नेमकं काय करते? ती असली तर सुईणीची गरज उरते का?

सुईण किंवा डॉक्टर हवेतच. डूला तपासणी करत नाही, औषध देत नाही, बाळंतपण करत नाही. ती कळा सुरू झाल्यापासून बाईजवळ थांबते: कंबर चोळते, कूस बदलायला मदत करते, श्वासाची लय धरून देते, नवऱ्यालाही धीर देते. अशी अखंड सोबत किती मोलाची असते, ते २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे अनेक वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या आढाव्यात दिसतं. १७ देशांतल्या १५ हजारांहून अधिक स्त्रियांच्या या अभ्यासांत सोबत मिळालेल्यांमध्ये नैसर्गिक प्रसूतीचं प्रमाण जास्त आणि सिझेरियनचं कमी आढळलं.

ख्रिस्ती डूला यात प्रार्थना आणि स्तोत्रांची जोड देते, पण बाईला हवी असेल तेव्हाच. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. कळांच्या ऐन भरात कुणावर प्रार्थना लादू नये. आणि वेदनाशामक घेतलं किंवा सिझेरियन झालं म्हणजे श्रद्धा कमी पडली, असं सुचवणारी डूला नकोच.

‘डूला’ हा शब्द मूळचा ग्रीक, अर्थ दासी. लूकच्या शुभवर्तमानात मरिया स्वतःला ‘प्रभूची दासी’ म्हणते, तिथे मूळ ग्रीकमध्ये हाच शब्द आहे.

डूला ठरवण्याआधी तिचं प्रशिक्षण विचारा आणि रुग्णालय तिला प्रसूतिकक्षात येऊ देईल का, याचीही खात्री करून घ्या.