मारुती ८०० चं स्टिअरिंग वाकडं बसलं तर

भाऊ, तुम्ही सांगता की गाडी ९८ ची, स्टिअरिंग व्हील काढून त्याला चामडं शिवून आणलं, घरीच परत बसवलं, अन आता सरळ रोडवर व्हील डावीकडे कललेलं राहते, उजवा इंडिकेटर आपोआप पडत नाही अन हॉर्न मनात आलं तर वाजते. तिन्ही गोष्टी एकाच दिवशी सुरू झाल्या न, मंग अलाइनमेंटवाल्याला आत्ताच पैसे देऊ नका. बहुतेक व्हील चुकीच्या दातावर बसलं आहे (व्हील ज्या दांड्यावर, म्हणजे शाफ्टवर, बसते त्याला बारीक दात असतात). इंडिकेटर पाडणारी खुंटी व्हीलसोबतच फिरते, ते तिरपं बसलं की तीही तिरपी.

खात्री करायची तर पुढची दोन्ही चाकं उचला, खाली स्टँड लावा, नुसत्या जॅकवर भरवसा नाई. व्हील एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून चकरा मोजा अन बरोबर अर्ध्यावर आणा. तिथं व्हील वाकडं दिसलं तर दात चुकला. तिथं सरळ आहे अन रोडवरच वाकडं होते, तर मात्र टाय रॉडचा (स्टिअरिंगचं वळण चाकापर्यंत नेणाऱ्या दांडीचा) मामला, व्हीलला हात लावू नका. लोकं उलटं करतात बाप्पा, अलाइनमेंट बिघडलेली असते अन व्हील एक दात सरकवून मोकळे होतात, गाडी टायर खातच राहते.

व्हील काढताना बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी सोडवा. मधला नट ढिला करा पण पूर्ण काढू नका, तीन-चार आटे राहू द्या. मी पहिल्यांदा नट काढून टाकला, दोन्ही हातांनी जोर लावला अन व्हील सुटून सरळ नाकावर. मे महिना, भर दुपार, आईनं आधी हसून घेतलं मंग हळद आणली. शाफ्टवर हातोडी तर अजिबात नाई, एका मिस्त्रीनं माझ्या गाडीत ठोकला तर आटे चेपले, नट चढेना, अन कॉलम (शाफ्टभोवतीची नळी) करकर करून राहिला तो वेगळाच. पुलर (व्हील ओढून काढायचं अवजार) भाड्यानं घ्या. व्हील निघायच्या आधी शाफ्टवर अन व्हीलवर मार्करनं एक रेघ मारा, नवीन जागा किती दात सरकली ते कळते. ३६ दात असले तर एक दात म्हणजे १० अंश, त्याहून कमी वाकडं असेल तर दातानं सुटत नाई, टाय रॉड एका बाजूनं जेवढा लांब तेवढाच दुसऱ्या बाजूनं आखूड करावा लागते.

व्हील हातात आहेच तर मागची तांब्याची रिंग पाहा, हॉर्न तिच्यावरच चालते. आपल्या विदर्भातल्या ४५ डिग्रीत त्यातलं ग्रीस वाळून काळी खपली होते. बारीक पॉलिश पेपरनं हलकंच घासा, पातळ ग्रीस लावा, टेकणारी पिन वाकली असेल तर सरळ करा. (एअरबॅगवाल्या गाडीत ह्यातलं काहीच करू नका, ते शिकलेल्याचं काम.)

बसवल्यावर सकाळी सकाळी वर्धा रोडवर नेऊन पाहा, पण रोड पाणी जायला डावीकडे उतरता असते, तेवढी ओढ राहणारच. नटवर अन शाफ्टवर पेंटची एक रेघ ओढून ठेवा, शंभर किलोमीटरनंतर पाहा. रेघ तुटलेली दिसली तर गाडी तिथंच उभी करून नट परत कसा.