टोइंग हुक गंजलाय, आटे धरत नाहीत : गाडीविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : राहायला कसबा बावड्यात आहे, कामानिमित्त गगनबावड्याकडं सारखं जाणं होतं. परवा डिकी साफ करताना स्टेपनीखालचं टूलकिट काढलं तर टोइंग हुक, म्हणजे बंद गाडी ओढायला दोर बांधायचा हुक, आट्यांपर्यंत गंजलेला. बंपरवरचं छोटं झाकण काढून बघितलं तर आतल्या भोकात वाळलेला चिखल. हुक तीन-चार आटे जातोय आणि अडकतोय. पाना घालून जोरात पिळू का?

उत्तर : नको दादा, अजिबात पिळू नका. हुक खराब झाला तर नवा मिळतो, पण बंपरमागं जिथं तो बसतो ते आटे गाडीच्या सांगाड्यातल्या लोखंडी बीमला असतात, ते मेले की बंपर उतरवून काम करावं लागतं आणि खर्च कुठल्या कुठं जातो.

आधी भोकातला चिखल कोरडाच काढा, जुना टूथब्रश किंवा बाटली धुवायचा बारीक ब्रश घेऊन. वॉशिंग सेंटरवाल्याला तिथं प्रेशरनं पाणी मारू देऊ नका, चिखल आणखी आत जाऊन बसतो. पंक्चरवाल्याकडं हवा मारून घ्या, मग डब्ल्यूडी ४० सारखा स्प्रे आत मारून रात्रभर तसंच सोडा. हुकाला वायर ब्रश मारायचा, रॉकेल-डिझेलनं पुसायचा आणि दुसऱ्या दिवशी फक्त हातानं फिरवायचा, थोडा आत, थोडा बाहेर, बाहेर आला की आट्यातली घाण पुसायची आणि परत घालायचा. असं करत शेवटपर्यंत गेला पाहिजे. तरीही अडकला तर गॅरेजमध्ये त्याच मापाचा टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, फिरवून घ्या. काही गाड्यांना उलटे आटे असतात, तुमचा हुक तीन-चार आटे जातोय म्हणजे दिशा बरोबर आहे, पण बाकीच्यांनी मॅन्युअल बघूनच हात लावावा.

आता हुक ठेवायचा की टाकायचा. वरवरचा तांबूस गंज ब्रशनं जातो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण पापुद्रे सुटत असतील, खड्डे पडले असतील, मानेपाशी बारीक चीर दिसत असेल किंवा हुक वाकलेला असेल तर त्याच मॉडेलचा नवा घ्या. उद्यमनगरात लेथवर हुबेहूब करून मिळेल हे मला माहीत आहे, आपल्या कोल्हापूरच्या कारागिरांचा हात तसाच आहे, पण माप जुळलं म्हणून पोलाद जुळत नाही, कुठलं पोलाद आणि त्याला उष्णता कशी दिलीय हे नुसतं बघून कोणालाच कळत नाही आणि त्या एका तुकड्यावर अख्ख्या गाडीचा भार येणार असतो. तुटलेला हुक वेल्डिंग करून वापरणं तर नाहीच नाही.

साफ झाला की आट्यांना ग्रीसचा अगदी पातळ हात द्या, जाड थर दिला तर त्यालाच धूळ चिकटते. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळून ठेवा. बंपरचं झाकण नीट बसतंय का बघा, हरवलं असेल तर लगेच नवं लावा, कारण त्या उघड्या भोकातनंच पावसाळ्यात गगनबावड्याकडचा लाल चिखल आणि हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागची माती आत जाते. आणि मुख्य म्हणजे हुक डिकीत बसून गंजला कसा ते शोधा, डिकीचं रबर किंवा मागच्या लाइटचं पॅकिंग गळत असणार, स्टेपनीखाली हात घालून ओल आहे का बघा, ती गळती थांबली नाही तर नवा हुकसुद्धा तसाच होणार. दरवर्षी मे महिन्यात, मृगाच्या आधी, हुक एकदा पूर्ण आत घालून बघायचा.

प्रश्न : आमच्या जुन्या गाडीला मागं खालच्या बाजूला कायमचा जोडलेला हुक आहे. २०१९ च्या पुरात गाडी पाण्यात होती. त्यावर अंडरकोटिंग, म्हणजे गाडीला खालनं मारतात तो काळा थर, मारलं तर चालेल का? (एक वाचक भगिनी, शिरोळ)

उत्तर : ताई, गंजावरनं कोटिंग मारलं तर खाली ओल कोंडते आणि लोखंड आतून खात जातं, वरनं मात्र काळंभोर छान दिसतं. आधी हुक आणि तो जिथं जोडलाय तो पत्रा खरवडून घ्या, हलक्या हातोडीनं वाजवून बघा. ठणठणीत आवाज आला तर गंज साफ करून प्रायमर, मग रंग. बद्द आवाज आला किंवा पत्रा दबला तर त्या हुकाला दोर बांधायचाच नाही, बॉडीचं काम करणाऱ्याला दाखवा. मालवण-तारकर्लीला जाऊन आलात की खालनं साध्या पाण्यानं धुवा, खारी हवा गंज फार लवकर आणते.

प्रश्न : पाण्यात बंद पडलेली गाडी ट्रॅक्टरला बांधून काढली तर चालते का?

उत्तर : चालते, पण राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ४३ फुटांच्या धोका पातळीकडं निघाली असेल तर गाडी मुळात त्या रस्त्यानं घालूच नका. काढायचीच वेळ आली तर इंजिन परत सुरू करून बघू नका, आत पाणी गेलं असेल तर इंजिनातले पिस्टनचे दांडे, म्हणजे कनेक्टिंग रॉड, वाकतात. हुक शेवटच्या आट्यापर्यंत घट्ट, दोर सरळ रेषेत, ट्रॅक्टर हळू आणि झटका न देता, कारण हे हुक सरळ ओढण्यासाठी असतात, तिरकी ओढ लागली की वाकतात. स्टेअरिंग लॉक होऊ नये म्हणून चावी ऑनवर ठेवा, गाडी न्यूट्रलला, ब्रेक आणि स्टेअरिंग जड लागणार हे धरून चाला. ऑटोमॅटिक असेल तर पाण्यातनं बाहेर काढण्यापुरतंच ओढा, पुढं क्रेनवाल्याच्या गाडीवर चढवून न्या. आणि दोर ताणलेला असताना बघायला जमलेल्या पोरांना लांब पाठवा, हुक किंवा दोर तुटला तर काच फोडण्याइतक्या जोरात येतो.