'तेलयुद्ध' : विग्रह कोणता धरायचा?

अंबाजोगाईत स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: "'तेलयुद्ध'चा विग्रह मी 'तेलासाठी युद्ध' केला, म्हणजे चतुर्थी तत्पुरुष. मैत्रिणीच्या वहीत 'तेलाचे युद्ध', षष्ठी आहे. बरोबर कोणतं?"

तुमचं बरोबर आहे. गायीसाठी रान ते 'गायरान', तसंच हे. षष्ठीला व्याकरणाची हरकत नाही. पण 'तेलाचे युद्ध' म्हटल्यावर तेलाचा त्या युद्धाशी नेमका संबंध काय, ते कळत नाही, आणि विग्रह करायचा तो तेवढ्यासाठीच. मात्र वर्तमानपत्रं हा शब्द ज्या ज्या लढाईला लावतात, त्या सगळ्या चतुर्थीत बसत नाहीत.

चतुर्थीचं चोख उदाहरण १९४१ चं. जपानचं सुमारे ८० टक्के तेल अमेरिकेतून यायचं. जपानी सैन्य दक्षिण इंडोचायनात, म्हणजे आजच्या व्हिएतनाम-कंबोडियाच्या भागात, उतरलं तेव्हा अमेरिकेने हा पुरवठा तोडला. ब्रिटिश आणि डच सरकारांनीही तेच केलं. साठा संपायच्या आत डच ईस्ट इंडीजमधल्या, म्हणजे आजच्या इंडोनेशियातल्या, तेलविहिरी गाठायच्या आणि त्यात अमेरिकी आरमार आडवं येऊ नये, म्हणून डिसेंबरात पर्ल हार्बर या अमेरिकी नाविक तळावर हल्ला झाला. हे तेलासाठी युद्ध.

१९७३ चं तसं नाही. इजिप्त आणि सीरिया ऑक्टोबरात इस्रायलशी लढले ते १९६७ मध्ये गमावलेल्या भूमीसाठी. पण लढाई चालू असतानाच अरब तेल उत्पादक देशांनी अमेरिका आणि नेदरलँड्सचा पुरवठा बंद केला, उत्पादनही घटवलं. पिंपाला तीन डॉलरच्या आसपास असलेला भाव जानेवारी १९७४ मध्ये साडेअकराच्या वर गेला. 'गदायुद्ध' म्हणजे गदेने युद्ध. तसं हे तेलाने युद्ध. तृतीया तत्पुरुष. घाव किती खोल बसला ते जपानकडे पाहून कळतं. त्या देशाचं जवळजवळ सगळं तेल बाहेरचं, त्यातलं बहुतेक पश्चिम आशियातलं. इस्रायलने १९६७ साली व्यापलेला प्रदेश सोडावा, असं निवेदन जपानने नोव्हेंबरातच काढलं. अमेरिकेचा इतका जवळचा मित्र, पण तेलापुढे त्याला आपली भाषा बदलावी लागली. परराष्ट्र धोरणावर तेलाचा ताबा असतो म्हणतात तो असा.

इराण-इराक युद्धात, विशेषतः १९८४ पासून, दोन्ही बाजूंनी आखातातली तेलवाहू जहाजं फोडली. त्या सत्राला 'तेलयुद्ध' म्हटलं तर ना चतुर्थी लागू पडते ना तृतीया. तिथे 'तेलवाहू जहाजांवर हल्ले करून लढलेले युद्ध' असा विग्रह लागतो. मधली पदं गळालेली, म्हणून 'पुरणपोळी'सारखा मध्यमपदलोपी.

आता पहिल्या पदाबद्दल. ते खनिज तेलच असेल, हे आपण गृहीत धरतो. आपल्या मराठवाड्यात नुसतं तेल म्हटलं तर करडईचं, सोयाबीनचं, खायचं तेल. डिझेलला आपण डिझेलच म्हणतो. आणि खायच्या तेलानेही झुंजता येतं. सप्टेंबर २०१९ मध्ये मलेशियाचे पंतप्रधान महाथीर मोहम्मद काश्मीरवरून संयुक्त राष्ट्रांत भारताविरुद्ध बोलले. जानेवारी २०२० मध्ये भारताने शुद्ध केलेल्या पामतेलाच्या आयातीवर निर्बंध घातला. आदेशात मलेशियाचं नाव नव्हतं, पण रोख कुणावर आहे हे क्वालालंपूरलाही समजलं. ही झुंज 'तेलाने'च, फक्त शस्त्र विकणाऱ्याच्या नव्हे, घेणाऱ्याच्या हातात. ज्यांचं सोयाबीन लातूरच्या बाजारात जातं, त्या घरांत पामतेलाची आयात हा रोजच्या बोलण्यातला विषय आहे, म्हणून हे उदाहरण मुद्दाम दिलं.

परीक्षेत नुसता शब्द आला तर 'तेलासाठी युद्ध', चतुर्थी तत्पुरुष, असंच लिहा. वाक्य दिलं असेल, तर त्यात तेल मिळवायचं आहे, वापरायचं आहे की फोडायचं आहे ते आधी पाहा आणि मग विग्रह करा.