माउस त्यांच्याच हातात राहू द्या

ताई, राजारामपुरीतल्या काकांना कॉम्प्युटर शिकवायला घेतलंत, फार चांगलं केलंत. सुरुवातीला बहुतेकांची एकच चूक होते: समोरचा अडला की आपण माउस ओढून घेतो. काम होतं, पण शिकणं थांबतं. हात मागे ठेवा, बोटाने पडद्यावर दाखवा आणि थांबा. ती शांतता जड वाटते, पण त्यातच त्यांना ते बटण सापडतं.

पहिल्याच दिवशी कंट्रोल-झेड शिकवा. टाइप करताना चुकलेलं परत फिरवता येतं हे कळलं, की 'बिघडलं तर?' ही धास्ती उतरते. डबल क्लिक जमत नसेल तर माउसच्या सेटिंगमध्ये त्याचा वेग कमी करा.

धडा त्यांच्या गरजेचाच घ्या. करवीर तालुक्यातल्या आपल्या रानाचा ७/१२ महाभूलेख या सरकारी वेबसाइटवर स्वतः बघितला, की माणूस पुढच्या वेळी आपणहून येतो.

- एका बैठकीत एकच काम.
- पायऱ्या त्यांच्याच अक्षरात, वहीत.
- ओटीपी कुणालाही सांगायचा नाही, तुम्हालासुद्धा नाही. पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन.

एक्सेल आत्ता काढूच नका.