वाचक विचारतात : इओलियन बेटांमधला बोटप्रवास

इटलीतल्या सिसिली बेटाच्या उत्तरेला सात ज्वालामुखी बेटे आहेत : लिपारी, व्हुल्कानो, सालीना, पानारेआ, स्ट्रॉम्बोली, फिलिकुदी आणि अलिकुदी. तिथे विमानतळ नाही, त्यामुळे सगळे वेळापत्रक बोटीच्या हाती असते. वाचकांच्या पत्रांतले निवडक प्रश्न घेत आहोत.

प्रश्न : सिसिलीच्या उत्तर किनाऱ्यावरच्या मिलात्सो बंदरातून दोन प्रकारच्या बोटी सुटतात. कोणती घ्यावी?

वेगवान ती हायड्रोफॉइल, तिथल्या भाषेत अलिस्काफो. मोठी, गाड्या वाहणारी ती फेरी-बोट, म्हणजे 'नावे'. आपल्या 'नाव' या शब्दाचीच ती दूरची बहीण, त्यामुळे लक्षात ठेवायला सोपी.

हायड्रोफॉइलच्या तळाला पंख असतात. वेग घेतला की त्यांच्यावर बोटीचा सांगाडा पाण्याबाहेर उचलला जातो आणि पाण्याचा अडथळा एकदम कमी होतो. प्रवासी वाहतुकीसाठी अशी बोट १९५६ मध्ये जवळच्याच मेसिनाच्या सामुद्रधुनीत धावू लागली. मिलात्सोहून व्हुल्कानोला ती पाऊण तासात आणि लिपारीला साधारण तासाभरात पोचवते. फेरी-बोटीला जवळजवळ दुप्पट वेळ लागतो. पण हायड्रोफॉइलमध्ये बंद केबिनमधल्या खुर्चीत बसून राहावे लागते. फेरीला मोकळा डेक असतो, भाडे कमी असते आणि बेटे एकामागून एक वर येताना दिसतात. समुद्र खवळला की हायड्रोफॉइल आधी बंद होतात. लाटा वाढल्या की पंख मधूनमधून पाण्याबाहेर येतात, बोट खाली आपटते. जड फेरी त्यानंतरही काही काळ चालते.

आमचे मत विचाराल, तर जाताना फेरी आणि परतताना हायड्रोफॉइल. मात्र हवा बिघडायची चिन्हे असतील तर दोन्ही वेळा फेरीच बरी.

प्रश्न : आकाश निरभ्र, मिलात्सोच्या बंदरात पाणी शांत, तरी स्ट्रॉम्बोलीची बोट रद्द. असे का होते?

मिलात्सोचे बंदर एका लांब भूशिराच्या पूर्वेच्या कुशीत आहे. वायव्येचा वारा, म्हणजे माएस्त्राले, कितीही जोरात असला तरी धक्क्यावर तो फारसा जाणवत नाही. भूशिराचे टोक ओलांडल्यावर खरा समुद्र भेटतो. बंदरातले पाणी पाहून बांधलेला अंदाज म्हणूनच हमखास चुकतो. वाऱ्याचा वेग आणि दिशा पाहा, आणि लाटांची उंची बेटाजवळची पाहा.

दुसरे कारण बेटांच्या आकारात आहे. स्ट्रॉम्बोली म्हणजे समुद्रातून सरळ वर आलेला ९२४ मीटरचा शंकू. लाटा अडतील अशी खोल खाडी तिथे नाही. शिवाय गोल बेटाला लाटा वळसा घालतात, त्यामुळे आडोशाच्या बाजूलाही उसळी पोचते. मुख्य धक्का, स्कारी, पूर्वेला आहे. शिरोक्को म्हणजे आग्नेयेचा वारा सुटला की तो उघडाच पडतो. कधी बोट बेटापर्यंत येते, पण धक्क्याला लागत नाही आणि पुढे निघून जाते. तिकीट हातात असले तरी तेवढ्यावर उतरायला मिळेलच असे नाही.

सालीनाला दोन बंदरे आहेत, सांता मरीना पूर्वेला आणि रिनेल्ला दक्षिणेला. वारा पाहून बोट कधी एकाऐवजी दुसऱ्या बंदराला लागते. मुक्काम कुठल्या बंदराजवळ आहे ते आधी पाहून ठेवा आणि उतरताना नावाची पाटी वाचा. चुकीच्या बंदरात उतरलात, तर डोंगराला वळसा घालणारी बस पकडावी लागते.

प्रश्न : बोट रद्द झाली तर पैसे परत मिळतात का? हॉटेलचा खर्च?

तिकिटाचे पैसे मिळतात. युरोपीय संघाच्या ११७७/२०१० या नियमानुसार बोट रद्द झाली किंवा सुटायला दीड तासाहून जास्त उशीर झाला, तर दुसऱ्या मार्गाने पोचवणे किंवा पैसे परत, यातले एक प्रवाशाने निवडायचे असते. परतावा सात दिवसांत मिळायला हवा. हॉटेलसाठी कंपनीने रात्रीला ८० युरोपर्यंत, जास्तीत जास्त तीन रात्री द्यायचे असतात. मात्र खराब हवामानामुळे बोट चालवणे धोक्याचे होते असे कंपनीने दाखवले, तर ही जबाबदारी उरत नाही. या बेटांवर बहुतेक वेळा कारण हवेचेच असते, म्हणजे रात्रीचा खर्च आपलाच धरून चला.

प्रश्न : पाच-सहा दिवसांत कोणत्या क्रमाने फिरावे?

लांबचे आधी, जवळचे शेवटी. बहुतेक बोटी मिलात्सो, व्हुल्कानो, लिपारी, सालीना अशा जातात. तिथून एक फाटा पानारेआ-स्ट्रॉम्बोलीकडे आणि दुसरा फिलिकुदी-अलिकुदीकडे फुटतो. एका फाट्यावरून दुसऱ्यावर जायचे तर लिपारी किंवा सालीनाला बोट बदलावी लागते. म्हणून सहा दिवसांत एकच फाटा धरा. स्ट्रॉम्बोली आधी उरका, मग सालीना, शेवटी लिपारी. लिपारी आणि व्हुल्कानो यांच्यात जेमतेम एक किलोमीटरची सामुद्रधुनी आहे, हायड्रोफॉइलने दहा मिनिटे लागतात. म्हणून व्हुल्कानोसाठी वेगळा मुक्काम नको.

सिसिलीतल्या कतानिया शहरातून विमान असेल तर आदली रात्र मिलात्सोला किंवा कतानियाला काढा. विमानाच्या दिवशी सकाळच्या बोटीवर भरवसा ठेवणे ही सर्वांत जास्त घडणारी आणि सर्वांत महाग पडणारी चूक आहे. मिलात्सोचे रेल्वे स्टेशनही बंदराला लागून नाही, बस किंवा टॅक्सी लागते. हिवाळ्यात बोटींच्या खेपा बऱ्याच कमी होतात, तेव्हा उन्हाळ्याचे वेळापत्रक धरून बेत आखू नका.

प्रश्न : ज्वालामुखीचा धोका कितपत?

स्ट्रॉम्बोलीचे छोटे स्फोट दर काही मिनिटांनी होतच असतात. काळजी मोठ्या स्फोटांची. ३० डिसेंबर २००२ रोजी शारा देल फुओको या उताराचा भाग समुद्रात कोसळला आणि काही मिनिटांत त्सुनामी गावाच्या किनाऱ्यावर आली. ३ जुलै २०१९ च्या स्फोटात एका पदयात्रीचा मृत्यू झाला, आणि तेव्हापासून शिखरावर जाण्यावरचे निर्बंध आणखी कडक झाले. किती उंचीपर्यंत आणि मार्गदर्शकासह की एकट्याने, हे धोक्याच्या पातळीनुसार बदलत राहते, त्यामुळे निघण्याच्या दिवशीच विचारा. धोक्याचा भोंगा वाजला तर कुठे जमायचे त्याच्या पाट्या धक्क्यावर उतरताच पाहून घ्या. टॉर्च सोबत हवाच, गावात रस्त्यावर दिवे जवळजवळ नाहीत.

व्हुल्कानोवर प्रश्न वायूचा. १८८८ ते १८९० नंतर तिथे उद्रेक नाही. पण २०२१ मध्ये वायूचे प्रमाण वाढले, तेव्हा बंदराजवळच्या रहिवाशांना रात्री घरे सोडावी लागली होती. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो, तो खोलगट जागी साचतो आणि त्याला वास नसतो. धक्क्यावर नाकाला झोंबतो तो गंधकाचा वास. म्हणून तो वास येत नसला तरी खोलगट जागी बसू नका.

प्रश्न : बोटीत मळमळू नये म्हणून काय करावे?

मळमळीची गोळी बोट हलायला लागल्यावर घेतली तर उशीर झालेला असतो. अर्धा ते एक तास आधी, डॉक्टरांना विचारून घ्या, झोप येते. बसायचे ते बोटीच्या मध्यावर, पुढच्या टोकाला नाही. मोबाइल ठेवून क्षितिजाकडे पाहा.

प्रश्न : स्ट्रॉम्बोली गावातून गिनोस्त्राला चालत जाता येते का?

नाही. गिनोस्त्रा त्याच बेटावर, पण दुसऱ्या बाजूला आहे. मध्ये रस्ता नाही आणि डोंगरावरची जुनी वाट बंद आहे. बोटीनेच जा. गिनोस्त्राचा धक्का नैर्ऋत्येला असल्याने स्कारीला बोट लागली तरी तिथे लागेल याची खात्री नसते. उलटही घडते. गावात पायऱ्याच पायऱ्या आहेत, तेव्हा चाकांची बॅग नेऊ नका. हाच नियम अलिकुदीलाही लागू आहे, तिथे सामान आजही खेचरांवरून वर जाते.